हुंबवलीचा मुक्काम

शशिधर मास्तर आले तेव्हा झुंबरबाई शाळेच्या मागं खिचडीचं पातेलं घासत बसली होती. मास्तर पेठ वडगावच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. मूळचे गडहिंग्लजचे, लिंगायत, बापाचं तिकडं भुसाराचं दुकान. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालायचं. त्यामुळं वयानं मोठ्या बाईला ते मावशी म्हणायचे नाहीत, अव्वा म्हणायचे. सुट्टी लागली की कोल्हापुरातली कॉलेजची पोरंपोरी, बँकेतली माणसं, एखादा डॉक्टर असे वीस-पंचवीस जण गोळा करायचे आणि जंगलात तंबू ठोकायला न्यायचे, हा त्यांचा जुना नाद. पाखरं दाखवायची, झाडं ओळखायला शिकवायची, चार दिवस गादीशिवाय झोपायला लावायचं.

"अव्वा, नाताळच्या सुट्टीत तीन दिवस मोकळ्या हाईसा काय?"

"का वो?"

"पंचवीस माणसांचा सैपाक करायचाय. आमचा आचारी औंदा गावाला गेलाय. मागं गॅदरिंगला तुमच्या हातचं खाल्लंतं, तवाच डोक्यात ठेवलंय. जीपनं न्यायचं, जीपनं आणून सोडायचं."

"कुटं जायाचं?"

"मलकापूरच्या वर. अभयारण्यात आत ऱ्हायाची परवानगी मिळालीया. हुंबवली म्हणून जुनं गाव हुतं बघा, त्या पठारावर तंबू ठोकायचे. आता कोण न्हाय तितं."

झुंबरबाईचा हात पातेल्यात तसाच राहिला. मास्तरांना वाटलं, बाई भ्याली.

"भ्याचं कारण न्हाय. गवं हाईत, अस्वल हाय, पण फॉरेस्टचा माणूस संगं असतोय."

"येते की," झुंबरबाई म्हणाली आणि परत घासायला लागली.

हुंबवली तिचं सासर. सोळाव्या वर्षी ती त्या गावात उतरली आणि सत्तावीस वर्षं तिथं नांदली. तीस-बत्तीस उंबऱ्यांचं गाव, चारी बाजूंनी रान, नाचणी आणि वरी पिकवायची, म्हशी राखायच्या, मध काढायचा. सत्त्याण्णव साली गाव उठलं. वासे आणि कौलं उतरून माणसांनी ट्रकात घातली आणि सगळी खाली, वडगावच्या शिवारात आली. रस्त्याकडेला पाटी लागली, नवी हुंबवली. सरळ रांगेत घरं, विजेचे खांब, दारात नळ. दवाखाना हाकेवर. तिचा मुलगा बाळासो दूध संकलन केंद्रावर लागला, त्याचं लग्न झालं, सून तेजस्वी चांगली निघाली. वाईट म्हणावं असं काही नव्हतं, आणि झुंबरबाईला त्याचंच अवघड व्हायचं. कुणाला सांगणार आणि काय सांगणार? सकाळी उठून दारात उभं राहिलं की नजर उसावरनं थेट आभाळाला लागायची. मध्ये टेकायला डोंगर नाही. सुरवातीची दोन वर्षं ती रोज सकाळी पश्चिमेकडं तोंड करून उभी राहायची. पुढं पुढं कामाच्या गडबडीत ते सुटलं. पण आत कुठंतरी ती उभीच होती.

आणि नवऱ्याशी तर हे बोलायची सोयच नव्हती. ट्रक आले त्या दिवशी पिराजी सगळ्यांत आधी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला होता. बायका झाडांना मिठ्या मारत होत्या, म्हाताऱ्या उंबऱ्यावर डोकं टेकत होत्या आणि हा गडी समोरच्या काचेतनं रस्ता बघत बसलेला. एकदासुद्धा त्यानं मागं मान वळवली नाही. खाली आल्यावर हुंबवलीचं नावही त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. झुंबरबाईनं विषय काढला की तो म्हणायचा, "झालं ते झालं. भाकर वाढ." सात वर्षांत तिनं मनाशी पक्कं केलं होतं की या माणसाच्या छातीत दगड आहे.

त्या रात्री जेवताना तिनं एवढंच सांगितलं, "वडगावच्या मास्तरांच्या संगं आंबा घाटाकडं जाणार हाय. तीन दिवस. सैपाकाला."

पिराजीनं ताटातनं मान वर केली. थोडा वेळ तिच्याकडं बघितलं.

"थंडी असती तितं. घोंगडं ने," म्हणाला आणि परत जेवायला लागला.

*

मलकापूर सोडल्यावर जीप चढाला लागली तसं झुंबरबाईनं पदर नाकाला लावला. पोरांना वाटलं, तिला गाडी लागतेय. कुणीतरी लिंबू पुढं केलं. तिनं ते घेतलं आणि नुसतं मुठीत धरून ठेवलं. नाकात वास शिरत होता, ओल्या पाल्याचा, शेवाळाचा, वाळत आलेल्या कारवीचा. तो एकदम सगळा आत गेला तर आपल्याला रडू फुटेल, अशी तिला धास्ती वाटत होती.

सगळ्या जीपा फॉरेस्टच्या नाक्याशी थांबल्या. तिथनं पुढं दोन तास चालायचं होतं. फॉरेस्टचा माणूस वाट दाखवायला आला. गणपतराव त्याचं नाव, पायथ्याच्या वाडीतला वनमजूर, कमरेला कोयता, डोक्याला मफलर. तंबू, शिधा, पातेली सगळ्यांनी वाटून घेतली. मास्तरांनी सूचना दिल्या की रांग मोडायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, प्लास्टिक टाकायचं नाही, काही तोडायचं नाही. मग झुंबरबाईकडं वळून म्हणाले, "अव्वा, तुमी मधी चाला. वाट चुकाल."

"बरं," ती म्हणाली.

ती मधेच चालली. पण जिथं वाट फुटायची तिथं गणपतराव वळायच्या आधीच तिचे पाय वळलेले असायचे. तिच्या मागं सुष्मिता नावाची मुलगी होती, बावीस-तेवीस वर्षांची, कोल्हापुरात बँकेत नोकरीला, पहिल्यांदाच असल्या शिबिराला आलेली. ती धापा टाकत म्हणाली, "मावशी, तुम्ही दमत नाही?" झुंबरबाई म्हणाली, "चढ वळखीचा असला की दमत न्हाय." मुलीला वाटलं, खेड्यातल्या बायका असंच बोलतात.

पठारावर पोचले तेव्हा दुपार कलली होती. झुंबरबाईनं एकदाच सगळीकडं नजर फिरवली आणि खाली घातली. घरं नव्हतीच. नुसती दगडी जोती राहिली होती आणि त्यांच्यामधनं कारवी पुरुषभर वाढलेली. देवळाच्या जागी चार खांब उभे होते. गावाच्या खळ्यावर मात्र अजून गवत आखूड होतं, बहुतेक गवे येऊन चरत असतील. तिथंच मास्तरांनी तंबू ठोकायला सांगितलं. खुंट्या ठोकल्याचे आवाज उठायला लागले. निळे, केशरी, हिरवे तंबू उभे राहिले. जागा पुरेना तेव्हा दोन-तीन तंबू कडेच्या जोत्यांवर गेले, कारण जोती सपाट होती.

झुंबरबाईनं तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि पिठल्याला फोडणी दिली. दुसरीकडं बघायचंच नाही, असं तिनं ठरवलं होतं. तीन दिवस शिजवायचं, वाढायचं, जायचं. हवा नाकात भरून घ्यायची आणि जायचं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी सगळ्यांना काम दिलं. इथं पूर्वी माणसं राहत होती, त्यांच्या खुणा शोधून आणा, असं सांगितलं. लहान पोरांसारखी मोठी माणसं कारवीत शिरली. कुणाला खापराचा तुकडा मिळाला, कुणाला बैलाच्या गळ्यातली घंटा. सुष्मिता आणि आणखी एक पोरगी दोघींनी मिळून एक दगड ढकलत ढकलत चुलीजवळ आणला. मध्ये गोल खड्डा असलेला, एका बाजूनं कपचा उडालेला.

"मावशी, हे काय असेल हो?"

"उखळ हाय ते."

"कुणाचं असेल बिचाऱ्यांचं?"

"चिमणाबाईचं," झुंबरबाई म्हणाली.

भाकरी थापता थापता तिच्या तोंडातनं ते निघून गेलं. निघाल्यावर तिचा हात थांबला. दोघी मुली तिच्याकडं बघत राहिल्या. मास्तर पलीकडं झाडाच्या सालीबद्दल कुणाला तरी सांगत होते, ते सोडून हळूहळू चुलीपाशी आले.

"अव्वा," ते म्हणाले, "तुमी हितल्या?"

झुंबरबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "व्हय."

"मग सांगितलं न्हाईसा ते?"

"सांगितलं असतं तर आणलं असतंसा?"

शाळेच्या मागं आपण काय बोललो होतो ते मास्तरांना आठवलं असावं. त्यांचं तोंड उतरलं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं. कोण न्हाय तितं, असं म्हणलो मी."

"खरंच हाय की. कोण न्हाय," झुंबरबाई म्हणाली. "भाकरी करपाय लागली, सरा जरा."

पण जेवणं झाल्यावर सुष्मिता तिच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, दाखवाल आम्हाला?" झुंबरबाई नाही म्हणणार होती. तोंडही उघडलं होतं. पण त्या पोरीच्या विचारण्यात कीव नव्हती. पाहुण्यानं घर दाखवा म्हणावं तसं तिनं विचारलं होतं, आणि घर दाखवा म्हटल्यावर नाही म्हणायची तिला सवय नव्हती. ती उठली, पदर खोचला.

मग ती पुढं आणि पंचवीस माणसं मागं, असा तो घोळका निघाला. "हे चिमणाबाईचं. हिच्या दारात फणस हुता, गावात पहिला पिकायचा. खाली गेल्यावर वर्षभर पण न्हाय जगली. ह्ये सुताराचं घर. ह्यो आंबा शेंड्यापातूर चढायची पैज लागायची होळीला. हितं पोरांची शाळा भरायची, मास्तर कधी यायचा, कधी यायचा न्हाय. हितनं सरळ खाली गेलं की वढा." कारवी हातानं बाजूला सारत ती चालत होती आणि ज्या जागेवर दगडाशिवाय काही दिसत नव्हतं तिथली माणसं ती सांगत होती. कोण कशानं हसायचं, कुणाची म्हैस कशी मारकी होती. मागची माणसं गुपचूप ऐकत होती. एकानं वहीत लिहून घ्यायला सुरवात केली होती, त्यानं ती मिटून खिशात घातली.

खळ्याच्या वरच्या अंगाला एक जोतं होतं. त्यावर निळा तंबू उभा होता.

"हे आमचं," झुंबरबाई म्हणाली आणि पुढच्या घराकडं वळली.

सुष्मिता तिथंच थांबली. तो तंबू तिचा होता. कालची रात्र ती या बाईच्या माजघरात झोपली होती. संध्याकाळी तिनं आपली पिशवी उचलून दुसऱ्या मुलींच्या तंबूत नेली आणि झुंबरबाईला म्हणाली, "मावशी, आज तुम्ही तिथं झोपा." झुंबरबाई म्हणाली, "असू दे गं, माझं चुलीपाशी बरं हाय." पण झोपायच्या वेळी ती घोंगडं घेऊन तिकडंच गेली. तंबूला रबराचा वास येत होता. तिनं चाचपून बघितलं. डोकं उत्तरेला करता येत नव्हतं, कारण तिकडं चूल असायची. तिनं पूर्वीसारखं पूर्वेला डोकं केलं आणि तिला लगेच झोप लागली. सात वर्षांत अशी लागली नव्हती.

*

पहाटे धुकं एवढं दाट होतं की तंबूसुद्धा दिसत नव्हते. चहाला पाणी हवं होतं. आदले दोन दिवस पोरांनी ओढ्यावरनं पाणी आणलं होतं, पण गावाचं प्यायचं पाणी ओढ्याचं नव्हतं. ते वर होतं, कड्याच्या पोटात, एक झरा. झुंबरबाईनं कळशी घेतली आणि कुणाला न विचारता निघाली. पाय आपोआप चालत होते. मनात म्हणत होती, सात पावसाळे झाले, कुणी उपसला नाही, गाळानं बुजून गेला असेल. बुजलेला बघून यायचं आणि ओढ्यावर जायचं.

झरा बुजला नव्हता.

कुंडाभोवतीचं गवत कापलेलं होतं. शेवाळ खरवडून बाजूला टाकलेलं होतं, ते वाळून काळं पडलं होतं. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. कुंडाची वरची कड पूर्वी ढासळलेली होती. ती आता नीट रचलेली होती, दगडावर दगड, आणि सांध्यात बारीक कपच्या ठोकून बसवलेल्या. झुंबरबाई खाली वाकली. सगळ्या कपच्या उजवीकडनं डावीकडं तिरक्या गेलेल्या होत्या. तिच्या घरामागचा बांध असाच होता. अख्ख्या गावात तसा बांध दुसऱ्या कुणाच्या परड्यात नव्हता, कारण गावात डावखुरा माणूस एकच होता.

तिला वाटलं, आपल्याला भास होतोय. हा बांध जुनाच असेल. पण मग तिला कुंडावरच्या खडकातल्या कोनाड्यात पालथा घातलेला पेला दिसला. स्टीलचा. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, चि. बाळासो पिराजी. लेकाच्या लग्नाच्या आहेरातला पेला. सहा पेल्यांतला एक दोन वर्षांपूर्वी हरवला म्हणून तिनं सुनेला चार शब्द सुनावले होते, आणि तेजस्वी दिवसभर तोंड फुगवून बसली होती. तेव्हा पिराजी तिथंच तंबाखू चोळत बसला होता. एका शब्दानं बोलला नव्हता.

मागं पावलं वाजली. गणपतराव धावत आला होता.

"एकट्या कशाला आलासा बाई? अस्वल पाण्यावर येतंय ह्या टायमाला."

"ह्यो पेला कुणाचा?" तिनं विचारलं.

गणपतराव जरा घुटमळला. मग म्हणाला, "असतोय एक म्हातारा. जुन्या गावातलाच असणार. वर्षातनं दोनदा येतोय. पावसाळा सरला की एकदा आन् उन्हाळ्याच्या आदी एकदा. गाळ काढतोय, दगूड लावतोय, पाणी पितोय. मग त्या वरच्या जोत्यावर जाऊन बसतोय सांजपातूर. नियमात बसत न्हाय खरं, पर मी बगून न बगितल्यागत करतो. कुणाचं काय वाकडं करतोय तो?"

"बोलतोय काय तुमच्यासंगं?"

"बिडी देतोय. बोलत न्हाय."

वर्षातनं दोनदा. पिराजी वर्षातनं दोनदा जयसिंगपूरला जायचा, बहिणीकडं. आक्काचा नवरा तिथं बाजारात हमाली करायचा. जाऊन आला की दोन दिवस गप्प असायचा, आणि झुंबरबाईला वाटायचं, बहीण काहीतरी लागट बोलली असणार. त्या पायी तिनं आक्काशी बोलणं कमी केलं होतं.

ती कुंडाच्या कडेवर बसली. तिला आनंद व्हायला हवा होता. दगडात झरा निघाला, असं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, पण क्षणभरच. त्यामागनं जे आलं ते फार कडू होतं. हा इथं येत होता आणि आपण खाली उसाकडं तोंड करून उभ्या होतो. हा वास, हे पाणी, हे सगळं यानं एकट्यानं घेतलं. आपण विषय काढला की भाकर वाढ म्हणाला. सात वर्षं आपण एका छपराखाली एकाच गावासाठी झुरत होतो आणि त्यानं कळू दिलं नाही.

तिनं पेला पाण्यात बुडवला, पोटभर पाणी प्याली, पेला होता तसा पालथा घातला आणि कळशी भरून खाली आली. त्या दिवशी चहात साखर दुप्पट पडली.

*

घरी आली तेव्हा पिराजी गोठ्यात म्हशीपुढं वैरण टाकत होता. बाळासो केंद्रावर गेला होता, सून शेजारी. झुंबरबाईनं घोंगडं खांबाला अडकवलं आणि गोठ्याच्या दारात उभी राहिली.

"आक्का कशी हाय?" तिनं विचारलं.

"कंची आक्का?"

"जयसिंगपूरची. दोनदा जातासा न्हवं वर्षातनं."

पिराजीनं हातातली पेंढी खाली ठेवली. तो तिच्याकडं बघेना. म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला.

"कड चांगली बांधलीसा झऱ्याची," झुंबरबाई म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं ती वाटेत घोकत आली होती, पण तो आपोआप फुटला. "मला का न्हाय न्हेलं? एकदा तरी? मी काय मागितलं असतं? हितं मरत हुते मी. तुमी बघत हुतासा."

"बघत हुतो."

"मग?"

पिराजी गव्हाणीच्या कडेवर बसला. पासष्टीचा माणूस, पण त्या दिवशी जास्त म्हातारा दिसला.

"ट्रकात बसलो त्या दिवशी मागं बगितलं असतं तर मी उतारलो असतो," तो म्हणाला. "मग बाळासोचं काय? म्हणून न्हाय बगितलं. हितं आल्यावर बी त्येच. तुझ्यासंगं बोललो असतो तर दोगं मिळून रडत बसलो असतो. घर कुणी चालवायचं?"

"आन् जाताना? जाताना का न्हाय न्हेलं?"

जणू दुसऱ्या कुणाला सांगावं तसं तो बोलला.

"तितं जाऊन बसतो न्हवं जोत्यावर, तवा तू दिसतीस. चुलीपाशी. त्या वक्ताची. कडंवर बाळासो, हाताला नाचणीचं पीठ. दर बारी दिसतीस. तुला संगं न्हेलं असतं तर तितं कोण दिसलं असतं मला?"

झुंबरबाई दारात तशीच उभी राहिली. तिच्याकडं भांडायला अजून पुष्कळ होतं. सुनेला ऐकवलेले शब्द होते, आक्काशी कमी केलेलं बोलणं होतं. पण त्यातलं काही तोंडाला येईना. ती पुढं झाली, त्यानं ठेवलेली पेंढी उचलली आणि म्हशीपुढं पसरली.

"मी हितं हाय की," ती म्हणाली. "माझ्याकडं बगायचं हुतं."

पिराजीनं मान हलवली. चूक कबूल केली की नुसतं ऐकून घेतलं, ते तिला कळलं नाही. पण त्या दिवसापासनं त्यांच्या घरात हुंबवलीचं नाव निघायला लागलं. आधी कामापुरतं, मग जेवताना, मग केव्हाही. तेजस्वी म्हणायची, ह्या दोघांना एवढं बोलायला असतंय तरी काय?

*

पुढच्या हिवाळ्यात दोघांनी मिळून जायचं ठरवलं होतं. झुंबरबाईनं मास्तरांना सांगून ठेवलं होतं की पाणी भरायला माणूस शोधू नका, आमच्याकडं आहे. पण दिवाळीनंतर मास्तर आले ते जरा अवघडून बसले. नियम कडक झाले होते. आत मुक्काम बंद. गणपतरावाची बदली खालच्या नाक्यावर झाली होती आणि आता बघून न बघितल्यासारखं करणारं वर कुणी नव्हतं.

"शिबिर हुणार," मास्तर म्हणाले. "पण हद्दीच्या भाईर, खिंडीत. तितनं आत जाता याचं न्हाय. तुमी न्हाय म्हणलासा तरी मी समजून घीन, अव्वा."

झुंबरबाईनं पिराजीकडं बघितलं. पिराजीचा गुडघा त्या वर्षी धरला होता. त्यानं तो दोन्ही हातांनी दाबला आणि विचारलं, "खिंडीतनं दिसतंय काय?"

"पठार दिसतंय की. लांबनं."

"मग येतो."

तसे ते गेले. खिंडीत वारा फार होता, तंबूंना जास्तीच्या दोऱ्या बांधाव्या लागल्या. पहिल्या दिवशी ढग होते, काही दिसलं नाही. पिराजी पाणी भरत होता, ती भाकरी करत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग उठले आणि दऱ्या ओलांडून पलीकडं पठार मोकळं झालं. सुष्मिता याही वर्षी आली होती. तिनं आपली दुर्बीण पिराजीच्या हातात दिली. त्यानं ती डोळ्याला उलटी लावली, मग सरळ लावली, मग परत दिली.

"असंच बरं दिसतंय," तो म्हणाला आणि हात लांब केला. "त्यो उंच हिरडा हाय न्हवं, त्याच्या डाव्या अंगाला आपलं घर."

"डाव्या न्हवं, उजव्या," झुंबरबाई म्हणाली.

"अगं डाव्या. उजवीकडं देऊळ."

"देऊळ तिकडं खाली. हितनं बगताना उलटं हुतंय सगळं. मी सत्तावीस वर्षं झाडलंय ते अंगण, मला सांगता?"

"आन् मी काय पावणा हुतो व्हय?"

मुलं चहा हातात घेऊन भोवती जमली. कुणी म्हणे आजोबांचं बरोबर, कुणी म्हणे मावशींचं. मास्तरांनी नकाशा काढला, पण नकाशावर तर घरं नव्हतीच. दोघंही हट्टाला पेटली होती. पिराजी हिरडा सोडून आता वळचणीच्या सुपारीवर आला होता आणि ती म्हणत होती की सुपारी आपल्या दारात कधी नव्हतीच, ती सुताराच्या दारात होती. बोलता बोलता दोघंही कड्याच्या टोकाशी येऊन उभी राहिली होती, एकमेकांच्या खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. पलीकडं हिरड्याच्या आसपास एका ढगाची सावली पडली होती, बाकी पठारावर ऊन सरकत चाललं होतं.

"बरं," पिराजी शेवटी म्हणाला, "ढगाची सावली पुढं सरकू दे. मग बगू."

ती दोघं सावली सरकायची वाट बघत उभी राहिली.